सोळा पायल्या वाळू

हौसाबाई जन्मापासूनच दांडगी होती, असं पारनाक्यामागच्या आळीत कुणी सांगू लागलं तर खुशाल ऐकून घ्या, पण खरं मानू नका. पांगळ्या नवऱ्याला पाठुंगळी घेऊन ती सात वर्षं अंगणात, विहिरीवर, देवळाच्या पायरीपर्यंत हिंडली, हे आळीनं डोळ्यांनी पाहिलं. त्याआधीचे पाच महिने मात्र कुणी पाहिले नाहीत. पाहण्यासारखं त्यात काही नव्हतंच म्हणा. चाळिशीची एक हाडकुळी, दमलेली बाई पडवीतल्या खांबाला धरून उठत-बसत होती, आणि अंथरुणावरून तिचा नवरा तिच्यावर खेकसत होता.

हा नवरा म्हणजे सहदेव मापारी. कल्याणच्या बंदरावर भाताची मापं घालणं हा त्याचा धंदा, आणि शेणाळे तळ्याच्या काठी तालीम चालवणं हे वेड. आगगाडी येऊन तीस वर्षं होत आली होती, बंदरावरचे मचवे निम्म्यावर आले होते, पण जे येत त्यांचं भात सहदेवाच्या पायलीतूनच जाई. आता मापारी पहिली पायली ओतताना 'एक' म्हणत नाही. धान्याच्या राशीवर एकटं-दुकटं असं काही बोलायचं नसतं. तो म्हणतो 'लाभ', आणि मग दोन, तीन, चार. सहदेवाच्या जिभेला ही सवय इतकी जडलेली की तालमीतल्या गड्यांच्या बैठकाही तो लाभापासून मोजी. कुणी हसलं तर त्याला दहा बैठका जास्त.

माघ महिन्यात एका मचव्यावर पोत्यांची थप्पी कलंडली ती थेट सहदेवाच्या कमरेवर आली. वैद्यबुवांनी चार दिवस येऊन पाहिलं आणि पाचव्या दिवशी सांगितलं की माणूस जगेल, पाय गेले. पाठ एका जागी ठेवलीत तर नासेल. दिवसातून दोनदा उचला, धुवा, उन्हात बसवा.

उचला म्हणणं सोपं असतं. सहदेव म्हणजे तालमीचा वस्ताद, पाय गेले तरी छाती-खांदे तसेच भरलेले. सुरुवातीला त्याचा पट्टशिष्य गोविंदा आणि आणखी एक गडी सकाळ-संध्याकाळ येत. मग गोविंदाला स्टेशनात सांधेवाल्याची नोकरी लागली, पाळी कधी दिवसाची तर कधी रात्रीची. दुसऱ्याच्या घरी काहीतरी निघालं. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, दुसऱ्याचं दुखणं दोन महिने उचलणं हेसुद्धा काही थोडं नाही. पण चैत्र संपता संपता असे दिवस येऊ लागले की सहदेव सकाळपासून सांजेपर्यंत तसाच पडून असे, आणि हौसाबाई एका शेटच्या कोठारावर दिवसभर भात कांडून घरी आली की तिला आधी वास येई. एकदा तिनं त्याला कुशीवर वळवलं तर पाठीवर रुपयाएवढी जखम झालेली होती.

अक्षय तृतीयेला सहदेवाचा धाकटा भाऊ धाकू शिळेहून आला. त्यानं जखम पाहिली, ओटीवर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "वयनी, तुज्यानं दादा उचलत नाय. आमच्यात चार पुरुष हाईत. दसरा होऊं दे, वाट सुकूं दे, मी गाडी घिऊन येतो. गोठ्याच्या अंगाला जागा करतो त्याची."

"आणि मी?"

"तुजं हितं कांडप हाय. आमच्या घरात आधीच तेरा तोंडं." धाकूनं मान खाली घातली. तो काही दुष्ट माणूस नव्हता. त्यालाही हे बोलायला जड गेलं.

धाकू गेल्यावर सहदेवानं भिंतीकडं तोंड फिरवलं. मग म्हणाला, "गोठ्यात घालतोय मला. बैलांच्या शेजारी."

"नाही घालायचा," हौसाबाई म्हणाली. "मी उचलीन तुम्हांला." आणि रागाच्या भरात तिनं लगेच खाली बसून त्याचे हात आपल्या गळ्यात घेतले आणि जोर लावला. ती अर्धी उठली, कमरेत काहीतरी चमकलं, आणि नवरा-बायको दोघंही जमिनीवर आडवी झाली. सहदेवाचं डोकं उंबऱ्यावर आपटता आपटता राहिलं. तीन दिवस तिला मुसळ धरता आलं नाही.

चौथ्या दिवशी सहदेव म्हणाला, "तुझी कंबर मोडली तर मला गोठाबी मिळायचा नाय. आता माझ्या अंगाला हात लावायचा नाय. आधी मेहनत करायची."

तालमीत व्यायामाला मेहनत म्हणतात. हौसाबाईला हे ठाऊक होतं, तरी तिच्या अंगाची लाही झाली. "मग दिवसभर मी काय झोपा काढते?"

"ते काम झालं. मेहनत येगळी."

हा वाद पुढं पाच महिने चालला आणि त्यात कुणी जिंकलं नाही. तिचं म्हणणं, दिवसाकाठी हजारदा मुसळ उचलणाऱ्या बाईला आणखी कसली मेहनत. त्याचं म्हणणं, कांडपानं तुझे खांदे-दंड तयार आहेत, माणूस उचलायचा तो मांड्यांनी आणि कमरेनं, आणि त्या तुझ्या कच्च्या. तालमीतलं सामान घरी आणायची सोय नव्हती. एक तर तालमीत होतंच काय, दोन मुदगल, वजनाला उचलायची एक दगडी गोटी आणि मलखांब. शिवाय बाईमाणसानं त्या वस्तूंना हात लावायचा नाही. तेव्हा घरात जे होतं त्यावर भागवायचं ठरलं. पडवीतला खांब, पाटा, दोन घागरी.

पहिला महिनाभर नुसत्या बैठका. खांबाला धरून खाली बसायचं, खांबाला धरून उठायचं. "टाच उचलू नको. पाठ ताठ. गुडघ्यात वाक, पाठीत नको. वर येताना श्वास सोड. सोड म्हटलं ना, कोंडून काय धरतेस!" मोजायचं तिनं, मनातल्या मनात. पहिल्या दिवशी पाच झाल्या. दुसऱ्या दिवशी तिला परसात जाऊन बसता येईना, इतक्या मांड्या भरून आल्या. तिला वाटलं आता हा दहा सांगेल. त्यानं सांगितलं, आज काही नाही. एक दिवस आड.

"गड्यांना तर रोज करायला लावता."

"गडी घरी जाऊन पसरतात. तू कुठं पसरतेस?"

हे त्याला कळत होतं, याचं तिला बरं वाटलं. पण बरं वाटून थकवा जात नाही. तिन्हीसांजा ती कोठारावरून येई तेव्हा डोक्यात, कानांत, पापण्यांत कोंडा असे. चूल पेटवायची, भाकऱ्या थापायच्या, त्याला पुसायचं, जखमेला तेल लावायचं, आणि मग पदर खोचून खांबापाशी उभं राहायचं. कधी कधी ती खाली बसली की तशीच बसून राही. उठावंसं वाटतच नसे. गेला तर जाऊ दे शिळेला, असंही एकदा तिच्या मनात आलं. मग त्या विचाराची लाज वाटून तिनं दोन बैठका जास्त काढल्या. अंथरुणावरून आवाज आला, "सांगितलं तेवढंच करायचं!"

ज्येष्ठ लागला तेव्हा खांब सुटला आणि पोतं आलं. सहदेवाचं वजन किती, हा पहिला प्रश्न. एका दुपारी हौसाबाई कोठारावर असताना गोविंदा आला. त्यानं आढ्याला दोर बांधून मधोमध एक वासा टांगला, एका टोकाच्या झोळीत वस्तादाला बसवलं आणि दुसऱ्या झोळीत खाडीची वाळू ओतली. पायली सहदेवाची स्वतःची, पितळी कड असलेली. मोजणीही त्याचीच. वासा सरळ झाला तेव्हा सोळा पायल्या भरल्या होत्या. जाताना गोविंदा वाटेत भेटला आणि हौसाबाईला म्हणाला, "वयनी, वस्ताद सोळा भरले. सोळा पायल्यांचं पोतं दहादा उचलाल, तेव्हाच वस्तादांना उचलायचं. वस्तादांनी शपथ घातलीय."

वाळू परसात पडली होती. दुसऱ्या दिवशी हौसाबाईनं पोतं आणि पायली तिकडं नेली. घरातला दंडक असा की मापाऱ्याच्या घरात न मोजता काही ओतायचं नाही. तिनं पहिली पायली 'लाभ' म्हणून ओतली, आणि मग एक, दोन, तीन, चार. पोत्याचं तोंड बांधलं आणि पडवीत ओढत आणलं.

"किती?"

"चार."

"बस्स. हेच पाठीवर घेऊन बैठका. आठवड्याला एक पायली चढवायची. जड वाटलं तर नाय चढवायची. घाई करणारा गडी पुढच्या महिन्यात तालमीत दिसत नाय."

पाठीवर पोतं, पोत्याचे दोन कान खांद्यावरून पुढं घट्ट धरलेले, तसंच खाली बसायचं, तसंच उठायचं. आठवड्यामागून आठवडे पायली चढत गेली. आषाढात ताप आला तेव्हा दोन आठवडे गेले. श्रावणात एका सोमवारी ती अकरा पायल्या घेऊन उठली आणि उभ्या उभ्या हसली, तेव्हा सहदेवही हसला. माघानंतर पहिल्यांदाच. मधल्या दिवसांत गोविंदा जमेल तेव्हा येई, कधी शेजारचं कुणी हात लावी, आणि बाकीच्या दिवशी ती त्याला नुसती कुशीवरून कुशीवर वळवी. जखम भरत नव्हती आणि वाढतही नव्हती.

धान्याचं पोतं असतं तर नुसत्या पोटावरून सहदेवानं त्यात किती पायल्या आहेत ते सांगितलं असतं. वाळूची नजर त्याला नव्हती. तिनं सांगावं, त्यानं ऐकावं.

गौरी-गणपतीत ती पंधरावर आली. पंधरा पायल्या, दहा बैठका, मधे न थांबता. आता एकच उरली होती, आणि तिथं गाडं अडलं. सोळावी घातली की पोतं पाठीवर यायचं, ती खाली बसायची, आणि वर येताना अर्ध्यात मांड्या थरथरायला लागायच्या. पोतं बाजूला टाकावं लागे. एक आठवडा गेला, दुसरा गेला. पितृपंधरवडा लागला. "दमलीस तू," सहदेव म्हणाला. "चार दिस सोड." तिनं चार दिवस सोडून पाहिलं. सातव्या बैठकीला गुडघा जमिनीला टेकला.

त्या दिवशी ती रडली. मोठ्यानं नाही. पोत्यावर बसून नाक पुसत म्हणाली, "एका पायलीसाठी जाताय तुम्ही."



त्याच सुमारास सहदेवाचं जेवण उतरलं. तीन भाकऱ्या खाणारा माणूस, पोट जड वाटतं म्हणू लागला. ताट त्याच्या उशाशी ठेवून ती चुलीपाशी जाई, परत येई तेव्हा ताट रिकामं असे, म्हणून तिला फार काही वाटलं नाही. दिवाणखान्यातल्या बायकांना असतो तेवढा वेळ तिला कुठं होता नवऱ्याचं तोंड निरखायला. तिला दिवसभर एवढंच दिसे, ती सोळावी पायली.

दसऱ्याला तालमीत हत्यारांची पूजा झाली. गोविंदा वस्तादासाठी सोनं घेऊन आला. हौसाबाईनंही पोत्याला हळद-कुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल ठेवलं, आणि नमस्कार करताना पोत्यालाच म्हणाली की तुझं काही चांगलं व्हायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच धाकूची गाडी दाराशी लागली. गाडीत पेंढा अंथरलेला, वर नवी घोंगडी. बैल सोडता सोडता त्यानं आजूबाजूला पाहिलं. सहदेवाच्या उशाजवळच्या खिडकीखाली एक पिवळं कुत्रं पाय ताणून पडलं होतं. "कुत्रं बाकी ब्येस पोसलंय तुमी," तो म्हणाला.  हौसाबाई उंबऱ्यात उभी होती.

"वयनी, दादाला उचलाया गोविंदाला बलावतीस का?"

"थांब," सहदेव आतून म्हणाला. "हौसे, ये. बस."

"सोळा झाल्या नाहीत," ती हळूच म्हणाली. "तुमची शपथ आहे."

"माझी शपथ मी सोडली. बस. टाचा टेकव."

ती त्याच्याकडं पाठ करून बसली. त्यानं तिच्या गळ्यात हात घातले. तिनं त्याच्या निर्जीव मांड्या दोन्ही हातांनी धरल्या, पाठ ताठ केली, श्वास घेतला आणि सोडत सोडत उठली.

ती इतक्या सहज उठली की तोल पुढं गेला. एक पाऊल जास्तीचं पडलं. धाकू तोंड उघडं टाकून बघत होता. ती उंबरा ओलांडून अंगणात आली, तुळशीला एक वळसा घातला, चिखलात पाय सरकला तिथं सावरली, आणि भिंतीशी ऊन पडलं होतं तिथं पाटावर त्याला अलगद टेकवलं. दम लागला होता, पण पोत्यानं लागे तितका नाही.

धाकूनं बैलाची वेसण उगाच चाचपली. मग म्हणाला, "बरं झालं. खरंच बरं झालं, वयनी." त्याच्या आवाजावरून वाटलं की त्याचंही ओझं उतरलं असावं. "बाकी काय नको. भाकर दिलीस तर खातो आनि निघतो."

भाकरी थापण्याआधी हौसाबाईला तो चिखल आठवला. उद्या पुन्हा इथूनच यायचं, पाय सरकला तर दोघं पडायची. वाळूची आता गरज काय. तिनं पोतं अंगणात ओढून आणलं, पायली घेतली आणि उंबऱ्यापासून भिंतीपर्यंत वाळू पसरायला लागली. मोजल्याशिवाय ओतायचं नाही, हा दंडक तिच्या हातातच होता.

"लाभ," ती म्हणाली आणि पहिली पायली उंबऱ्यापाशी पालथी केली. "एक. दोन. तीन..."

सहदेव उन्हात डोळे मिटून बसला होता. त्यानं डोळे उघडले. पण तो मधे बोलला नाही. माप चालू असताना मापारी बोलत नाही.

"...पंधरा. सोळा." पोतं रिकामं झालं. तिनं ते झटकलं.

"हौसे," तो म्हणाला. "पैल्या पायलीला काय म्हणालीस?"

"लाभ."

"आणि दुसरीला?"

"एक. मग काय म्हणायचं? लाभाची पायली देवाची ना. आमच्या माजिवड्याला खळ्यावर पहिलं माप देवाचं काढतात, ते मोजणीत नसतं. तुम्हीही तसंच म्हणता, मी ऐकलंय."

"लाभ म्हणजेच एक," सहदेव म्हणाला. "लाभ, दोन, तीन. वीस वर्षं मापाऱ्याच्या घरात राहिलीस, आणि..." तो थांबला. बोटांवर काहीतरी मोजलं, पुन्हा मोजलं. "पंधरा म्हणून तू जे उचललंस ते सोळा होतं. गौरी-गणपतीत. दहादा. माझ्या डोळ्यांदेखत."

ती पायली हातात धरून उभी राहिली. म्हणजे ती शेवटची, अडलेली पायली त्याच्या वजनाच्या वरची होती. म्हणजे सव्वा महिना ती जे उचलू शकत नव्हती, ते तिला उचलायचंच नव्हतं. तिला आधी हसू आलं. मग तिनं नवऱ्याकडं पाहिलं, आणि सकाळच्या उन्हात, फार दिवसांनी, नीट पाहिलं. गळ्याखाली हाडं वर आली होती. दंड सैल पडले होते. पाठीवर घेतला तेव्हा बरगड्या टोचल्या होत्या, त्या आता कळल्या. तिची नजर खिडकीखालच्या कुत्र्याकडं गेली.

"किती दिवस?" तिनं विचारलं.

"काय किती दिस?"

"भाकऱ्या किती दिवस टाकताय त्याला?"

सहदेवानं मान फिरवली. "तुझी एक पायली अडली होती," तो म्हणाला. "तुझ्याकडनं चढंना. म्हटलं माझ्याकडनं उतरवावी."

हौसाबाईला संताप आला. धाकू समोर बसलेला, पण तिनं त्याचीही भीड ठेवली नाही. "अहो, उपाशी राहिलात! पाठीला जखम, अंगात रक्त नाही, आणि कुत्र्याला घालत राहिलात! एक शब्द बोलला असतात तर मी पोतं तुमच्यासमोर भरलं असतं. तुम्ही माझी मोजणी नुसती ऐकली असती तरी..."  तिनं पायली वाळूवर आपटली आणि आत गेली.

आत जाऊन तिनं चूल फुंकली. धुरानं डोळे भरले, ते तिनं पुसले नाहीत. धाकूला दोन भाकऱ्या वाढल्या, तो खाली मान घालून जेवला, पाया पडला आणि रिकामी गाडी घेऊन गेला. मग तिनं आणखी तीन भाकऱ्या थापल्या. ताट घेऊन ती अंगणात आली, आणि या वेळी उशाशी ठेवून निघून न जाता त्याच्यासमोर वाळूवर मांडी घालून बसली. कुत्रं उठून जवळ आलं, त्याला तिनं हाकललं.

पहिली भाकरी तिनं त्याच्या हातात दिली.

"लाभ," ती म्हणाली.

तो खाऊ लागला. तोंडात घास असताना त्याचे डोळे वाहायला लागले, तसाच तो चावत राहिला. तिला बसल्या बसल्या पेंग येत होती. कोठारावर जायला आधीच उशीर झाला होता. पहिली संपली तेव्हा तिनं दुसरी उचलली आणि त्याच्यापुढं धरली.

"दोन," ती म्हणाली.